ग्रंथपालाची मूर्खलक्षणे

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगायला एक अख्खा समास दिला आणि पढतमूर्खासाठी आणखी एक. यादी लांबलचक आहे, पण वैद्यकीय महाविद्यालयाचा ग्रंथपाल तिच्यात नाही. ही उणीव भरून काढायला हवी. कुणी न मागितलेली वस्तू जो वर्षानुवर्षे जपून ठेवतो, दुसऱ्याच्या प्रश्नापायी आपली दुपार घालवतो, आपल्याकडे नसलेला माल शेजाऱ्याकडून स्वतः मागवून गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि एवढे करून शोधनिबंधावर आपले नाव यावे असा हट्टही धरत नाही, तो व्यवहाराच्या कुठल्याही कसोटीवर मूर्खच ठरतो. या मूर्खाची स्तुती करायला मी बसलो आहे आणि तिच्यातला शब्द न् शब्द मनापासूनचा आहे.

या पंथाचा मूळपुरुष जॉन शॉ बिलिंग्ज. 1860च्या सुमारास अमेरिकेत ओहायोच्या मेडिकल कॉलेजात शिकताना त्याने प्रबंधासाठी विषय घेतला अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेचा. अशा शस्त्रक्रिया आजवर किती झाल्या, त्यात किती रोगी बरे झाले, किती दगावले, एवढीच माहिती त्याला हवी होती. त्यापायी सहा महिने गेले आणि हजारावर खंड उलटेपालटे करावे लागले. शहाण्या विद्यार्थ्याने पदवी घेतली असती, सुटकेचा निःश्वास सोडला असता आणि दवाखान्याची पाटी रंगवायला टाकली असती. बिलिंग्जने मनाशी घेतले ते भलतेच. आपण भोगले ते पुढच्या कुणालाही भोगावे लागू नये, यासाठी जगात वैद्यकावर छापलेल्या प्रत्येक लेखाची सूची व्हायला हवी.

यादवी युद्धात तो लष्करी सर्जन होता. 1864च्या अखेरीस सर्जन जनरलच्या कचेरीत आला आणि तिथले जेमतेम दोन हजार पुस्तकांचे ग्रंथालय त्याच्या ताब्यात आले. युद्ध संपले, लष्करी इस्पितळे बंद झाली आणि त्यांच्या खात्यांत शिल्लक राहिलेले सुमारे 80,000 डॉलर कचेरीकडे जमा झाले. सरकारी कचेरीत शिल्लक रकमेचे काय होते हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. बिलिंग्जने तिची पुस्तके आणली. ज्या नाट्यगृहात अध्यक्ष लिंकन यांना गोळी घातली गेली ते फोर्ड्स थिएटर सरकारने ताब्यात घेतले होते. तिथे या ग्रंथालयाचा मुक्काम पडला आणि वीस वर्षे राहिला. 1895मध्ये बिलिंग्ज निवृत्त झाला तेव्हा दोन हजारांचे लाखावर गेले होते.

पुस्तके जमवणे हा फार तर छंद म्हणता येईल. खरे वेड सूचीचे. दर आठवड्याला येणारी नियतकालिके, त्यांतला प्रत्येक लेख, लेखक कोण, विषय कोणता, खंड आणि पान कितवे, याची एकेक नोंद चिठ्ठीवर. 1879मध्ये रॉबर्ट फ्लेचर या सहकाऱ्याला घेऊन त्याने ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची सुरू केली आणि 1880मध्ये ग्रंथालयाच्या अवाढव्य सूचीचा पहिला खंड बाहेर आला. पहिल्या मालिकेचे सोळा खंड पुरे व्हायला 1895 साल उजाडले. मासिक सूची तोट्यात चालायची. वर्गणीदार पुरेसे मिळेनात आणि 1899मध्ये ती बंद पडली. 1903मध्ये कार्नेगी संस्थेने पैसा दिला म्हणून पुन्हा उभी राहिली. कुठल्याही हिशेबी माणसाने तिला पहिल्या तोट्यातच मूठमाती दिली असती.

हा तोट्याचा धंदा पुढे संगणकावर गेला. 1964मध्ये मेडलार्स, 1971मध्ये मेडलाइन, आणि 1997मध्ये अमेरिकन सरकारने मूर्खपणाची कमाल केली. पैसे मोजून वापरायची ही सूची पबमेड या नावाने साऱ्या जगाला फुकट खुली केली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. गडचिरोलीच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर रात्री दोन वाजता सर्पदंशावर मोबाइलवर काही शोधतो तेव्हा तो बिलिंग्जच्या चिठ्ठ्यांचाच डबा उघडत असतो. त्या डब्यातल्या नोंदींना विषयशीर्षके आता यंत्र लावते, पण ती तपासायला आजही माणसांचे डोळे लागतात. ‘हार्ट ॲटॅक’ लिहून शोधा की ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ लिहून, तुम्ही एकाच ठिकाणी पोचता, कारण 1960पासून कुणीतरी अशा पर्यायी नावांची जुळणी करत बसले आहे. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

आता शहाण्यांकडे वळतो, कारण त्यांच्याशिवाय मूर्खांची किंमत कळत नाही.

10 जानेवारी 1980च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या पत्रव्यवहारात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या रुग्णांत व्यसन क्वचित जडते, अशा अर्थाचा मथळा. लेखकांनी सांगितले होते ते एवढेच: रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या 11,882 रुग्णांना अशा औषधाचा निदान एक डोस मिळाला, त्यांत पूर्वी व्यसन नसताना ते जडल्याची बऱ्यापैकी नोंद असलेली उदाहरणे चारच सापडली. पत्र प्रामाणिक होते. रुग्ण इस्पितळात, औषध परिचारिकेच्या हातून, तेही काही दिवसांपुरते. घरी बसून महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात चकार शब्द नव्हता.

पुढे पाठदुखी-गुडघेदुखीसाठी अशा गोळ्या सर्रास लिहून देण्याचे दिवस आले आणि हे पत्र आधाराला धावून आले. एकाने संदर्भ दिला, दुसऱ्याने पहिल्याच्या लेखातून उचलला, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. पाच वाक्यांचे पत्र हळूहळू मोठा अभ्यास म्हणून मिरवू लागले. 2017मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब मांडला, तोही त्याच नियतकालिकात. पत्राचा उल्लेख 608 वेळा झाला होता. त्यांपैकी 439 लेखांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते आणि 491 लेखांच्या लेखकांनी मूळ रुग्ण इस्पितळात दाखल होते ही गोष्ट सांगितलीच नव्हती. 1999 ते 2019 या काळात अमेरिकेत अफूजन्य द्रव्यांच्या अतिसेवनाने, डॉक्टरने लिहून दिलेली आणि चोरटी दोन्ही धरून, सुमारे पाच लाख माणसे मेली. एवढ्या मोठ्या अनर्थाचे खापर एका पत्रावर फोडणे अन्यायाचे होईल. औषध कंपन्यांचा लोभ, डॉक्टरांचा भाबडेपणा, सरकारी ढिलाई, सगळेच त्यात आहे. पण त्या 608 लेखांच्या लेखकांपैकी कितीजण ते पान उघडून बसले होते, हा प्रश्न मला सोडत नाही.

मूर्ख माणूस उठून तळघरात गेला असता. कापडी बांधणीचा 302वा खंड, पाठीवर सोनेरी आकडे, वरच्या कडेवर बोटभर धूळ. 123वे पान. मथळा आणि पाच वाक्ये, वाचायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. खाली ना तक्ता, ना आलेख, ना अभ्यासपद्धती. ज्याने हे पान प्रत्यक्ष पाहिले त्याच्या हातून ‘मोठा अभ्यास’ हे शब्द उतरणे कठीण. वैद्यकीय ग्रंथालय जी सेवा देते ती थोडक्यात हीच: मूळ पान तुमच्यापुढे आणून ठेवणे. तळघराचा दिवा लागतो की नाही, खंड जागेवर आहे की नाही आणि तो काढून द्यायला माणूस आहे की नाही, एवढ्यावर ती अवलंबून असते.

दुसरे उदाहरण याहून थोडक्यात आणि याहून जिव्हारी लागणारे. 2001मध्ये बाल्टिमोरच्या एका नामांकित विद्यापीठात दम्यावर संशोधन चालू होते. चोवीस वर्षांच्या एका धडधाकट तरुणीने त्यात स्वयंसेवक म्हणून भाग घेतला. तिला हेक्सामेथोनियम हे जुने औषध हुंगायला दिले. फुप्फुसे निकामी होऊन महिन्याभरात ती गेली. या औषधाने फुप्फुसाला इजा होऊ शकते असे सांगणारे लेख 1950च्या दशकात छापून आलेले होते. संगणकावरची सूची तेव्हा 1966पासूनची होती आणि शोध तिथेच थांबला होता. त्याआधीचे सगळे छापील सूचींत होते, बिलिंग्जच्या परंपरेतल्या त्याच जाड खंडांत, कपाटात. ‘1966च्या आधीचे पाहिलेत का?’ असा प्रश्न विचारायला मुरलेला ग्रंथपाल लागतो. विचारल्यावर त्याला कटकट्या म्हणतात.

म्हणून ‘आता सगळे ऑनलाइन आहे, हे जुने ढिगारे कशाला?’ असे कुणी म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे हे वाक्य नव्या इमारतीचा नकाशा निघाला की हमखास ऐकू येते. जागा हवी असते स्किल्स लॅबला, सेमिनार हॉलला, कधी नुसत्या कॅंटीनला. मग बाउंड व्हॉल्यूम किलोवर मोजले जातात. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांचे कितीतरी जुने अंक आजही संगणकावर आलेले नाहीत. देवी, प्लेग, नारू, हिवताप यांनी गावेच्या गावे ग्रासली होती त्या काळातल्या आपल्याच डॉक्टरांची निरीक्षणे तिथे पडून आहेत. रद्दीवाला ती घेऊन गेला की जगातला कुठलाही शोध त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

मूर्खाची आणखी काही लक्षणे घाईघाईने सांगतो. 1971मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या वैद्यकीय विद्यालयात गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना वॉर्डात धाडले. डॉक्टर राउंड घेताना ग्रंथपाल बरोबर उभा, खाटेपाशी निघालेला प्रश्न टिपून घ्यायचा आणि त्यावरचे लेख शोधून आणून द्यायचे. कुणी बोलावले नसताना दुसऱ्याच्या कामात जाऊन उभे राहणे शहाण्याला शोभत नाही. 1992मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागात झालेल्या पाहणीत, ग्रंथालयातून मिळालेल्या माहितीमुळे आपण रुग्णाच्या बाबतीत काही ना काही वेगळे केले, असे सुमारे 80 टक्के डॉक्टरांनी सांगितले. कुणी चाचणी बदलली, कुणी औषध, कुणी रुग्णाला दिलेला सल्ला. रुग्णाला ही बाब कधी कळत नाही. डिस्चार्ज कार्डावर ग्रंथपालाच्या सहीसाठी रकाना नसतो.

आंतरग्रंथालयीन देवघेव तर दुकानदारीच्या मुळावर येणारी आहे. तुम्हाला हवा तो लेख आमच्याकडे नाही, पण दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीत आहे, थांबा, मागवून देतो. 1988पासून डेलनेटसारखी जाळी याच तत्त्वावर चालली आहेत. प्रवेशासाठी, रँकिंगसाठी एकमेकांशी झुंजणाऱ्या संस्थांच्या ग्रंथपालांनी एकमेकांना मुकाट्याने पाने पाठवत राहावे, याला व्यवस्थापनशास्त्रात काय म्हणतात ते तिथल्या पंडितांनी सांगावे. मला तो शेजारधर्म वाटतो.

जतन करण्याच्या वेडाचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. आनंदीबाई जोशी 1886मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध प्राचीन आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. 26 फेब्रुवारी 1887ला पुण्यात त्यांचे निधन झाले. ना प्रॅक्टिस करता आली, ना कुठे नोकरीत रुजू होता आले. हिशेबाने पाहिले तर ही खातेवही त्याच दिवशी बंद व्हायला हवी होती. त्या कॉलेजाची पुढे नावे बदलली, विलीनीकरणे झाली, इमारती बदलल्या, आणि या सगळ्या धांदलीत कुणीतरी दूरदेशीच्या एका विद्यार्थिनीचा हस्तलिखित प्रबंध सांभाळला. तो आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय अभिलेखागारात आहे आणि घरबसल्या वाचता येतो. साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लाम्बूली यांचे 1885चे ते प्रसिद्ध छायाचित्रही तिथलेच. मराठीत आनंदीबाईंवर कादंबरी आली, नाटक आले, चित्रपट आला. त्या अभिलेखागारातल्या माणसांचे ऋण मात्र आपण कधी मोजले नाही.

विल्यम ऑस्लरचे नाव इथे घ्यायलाच हवे. आधुनिक वैद्यकशिक्षणाचा हा धुरीण 1898मध्ये वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना उभारणाऱ्यांपैकी एक होता. आपला हजारो ग्रंथांचा संग्रह त्याने मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठाला दिला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षाही त्या पुस्तकांच्या सोबतीला ठेवलेली आहे. एवढा मोठा डॉक्टर ग्रंथपालांच्या नादी लागला, यावरून हा मूर्खपणा संसर्गजन्य असावा.

आता आपल्या कॉलेजांत येतो. परीक्षा जवळ आल्या की रीडिंग हॉलमध्ये रात्री अकराला जागा मिळत नाही. हॉस्टेलच्या खोलीत तिघे, त्यातला एक मोबाइलवर मॅच बघणारा, दुसरा घोरणारा. तेव्हा ट्यूबलाइट, पंखा, पाण्याचा कूलर आणि शांतता एवढ्या चार गोष्टी पहाटेपर्यंत चालू ठेवणारा हॉल म्हणजे ग्रंथालयाची सर्वांत मोठी सेवा, आणि तिची नोंद कुठल्याच अहवालात धड होत नाही. गावाकडून आलेल्या, वडिलांनी शेत गहाण टाकून धाडलेल्या पोराला पाच-सहा हजारांचे मेडिसिनचे पुस्तक विकत घेणे झेपत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी बुक बँक आहे, दोघांत मिळून एक संच. त्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर मागच्या तुकड्यांतल्या मुलांची नावे असतात, समासात पेन्सिलीच्या खुणा असतात. त्यांतले कितीजण आज कुठल्या तालुक्याला बाळंतपणे करत असतील, हा विचार ती पाने पाहताना हटकून येतो.

शहाण्यांचे इथे वेगळे चालते. इन्स्पेक्शनच्या दिवशी काचेच्या कपाटांना पॉलिश, नवी जर्नल्स दर्शनी भागात, टेबलांवर फुलदाण्या. कमिटी गेली की कपाटांना कुलपे आणि किल्ल्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, कारण पुस्तक हरवले तर जबाबदार कोण? पीजीच्या प्रबंधातला पूर्वाभ्यास सीनियरच्या पेनड्राइव्हवरून उतरतो, संदर्भयादीसकट. अलीकडे चॅटबॉट आला आहे. तो मागाल तितके संदर्भ क्षणात देतो, लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, साल पटण्याजोगे, फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. अशी यादी काउंटरवर आली की ग्रंथपाल एकेक संदर्भ शोधतो, सापडत नाही म्हणून पुन्हा शोधतो आणि शेवटी विद्यार्थ्याला बाजूला बोलावून हळू आवाजात सांगतो, ‘अरे बाळा, हे चार लेख अस्तित्वातच नाहीत. सरांनी पाहायच्या आत काढून टाक.’ त्या विद्यार्थ्याचे तेवढ्याने भागते. त्याच्या प्रबंधावर विसंबून उद्या औषध देणाऱ्या डॉक्टरचे आणि ते घेणाऱ्या रुग्णाचे काय टळले, ते दोघांनाही कळायचा मार्ग नाही.

सरकारने मात्र नुकतेच एक चांगले काम केले आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करतो. 2025च्या जानेवारीपासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या 6,300वर संस्था. एका कॉलेजाच्या बजेटला जे कधीच परवडले नसते ते धुळ्या-नांदेडच्या सरकारी कॉलेजातल्या मुलाला आता वाचता येईल. पण दार उघडले म्हणजे आत वाट सापडली असे होत नाही. 13,000 नियतकालिकांतून आपल्या रुग्णाला लागू पडणारे तीन लेख कसे काढायचे, त्यांतला कुठला मागे घेतलेला आहे, कुठला पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानातला आहे, हे शिकवायला माणूस लागतो. ‘लॅन्सेट’मध्ये 1998ला लस आणि स्वमग्नता यांची सांगड घालणारा बारा मुलांवरचा लेख आला होता. तो 2010मध्ये मागे घेतला गेला आणि तरी तो दाखवून लस नाकारणारे पालक आजही भेटतात. यंत्रणा उपलब्ध करून देणे आणि ती वापरायला शिकवणे ही दोन कामे आहेत. दुसऱ्यासाठी पगारी पद लागते, आणि ग्रंथालयातले पद निवृत्तीने रिकामे झाले की ते ‘अतिरिक्त कार्यभारा’वर चालवण्याकडे आपला ओढा असतो.

म्हणून डीनसाहेबांना आणि संस्थाचालकांना हात जोडून सांगणे आहे: पात्र ग्रंथपालाचे रिकामे पद भरा, त्याला बायोमेट्रिकच्या आणि कार्यक्रमांच्या कामातून मोकळे करा, त्याच्या तासाला वेळापत्रकात जागा द्या आणि जुने खंड विकण्याआधी त्यांतले दुसरीकडे कुठे शिल्लक आहेत ते एकदा त्याला तपासू द्या. आणि पीजीच्या विद्यार्थ्यांनो, तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी काउंटरवर जा आणि तुमचा प्रश्न तिथल्या माणसाला नीट सांगा. ग्रंथालयाची फी तुम्ही प्रवेशाच्या वेळीच भरलेली आहे.